तीनदाच पेटणारा कंदील पाचव्यांदा कसा पेटला? नागपूरहून एक खुले पत्र

प्रति,
निर्माते, दिग्दर्शक, वितरक
आणि नागपुरातील चित्रपटगृहांचे व्यवस्थापक

सादर नमस्कार.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘अख्ख्या घरासाठी अद्भुत सफर’ अशी जाहिरात करून आपण एक मराठी सिनेमा आणलात. त्याचं नाव या पत्रात मुद्दाम घेत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना तो ओळखू येईल. आणि ज्या चुका आम्ही सांगणार आहोत, त्यातल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या सिनेमातही होऊ शकतात. त्या होऊ नयेत म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

लिहिणाऱ्यांत कोणी प्रोजेक्शन सांभाळतं, कोणी साउंड आणि व्हीएफएक्सचं काम करतं, कोणी बालनाट्याची शिबिरं घेतं, कोणी शाळेत शिकवतं. सगळे नागपूरचे. मराठीत मुलांसाठी अद्भुत गोष्टीचा मोठा सिनेमा क्वचितच निघतो. एक निघाला आणि पडला की पुढचा निर्माता म्हणतो, ‘मुलांचं चालत नाही.’ मग कित्येक वर्षं कोणी हात लावत नाही, आणि तोवर एक पिढी मोठी होऊन जाते. आपला सिनेमा पडला तर नुकसान फक्त आपलं नाही, म्हणून गप्प बसवत नाही.

चांगलं होतं तेही सांगतो. धाकटीचं काम करणारी मुलगी उत्तम आहे. आजीचा वाडा, तिथला माळा, धुळीत पडलेले उजेडाचे पट्टे, हे सगळं खरंखुरं बांधलेलं आहे आणि ते दिसतं. पहिल्या वीस मिनिटांचं संगीतही सुरेख. म्हणजे माणसांना काम येत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

सुरुवात कंदिलापासून करतो, कारण सिनेमा मोडला तो तिथे.

आजी नातवंडांना पितळी कंदील देते आणि तीन गोष्टी सांगते. हा तीनदाच पेटेल. ज्याच्या हातात पेटेल त्याची एक आठवण घेऊन जाईल. गेलेली आठवण परत यायची नाही. इतका चांगला नियम मराठी पडद्यावर फार दिवसांनी ऐकला. वापर मोजका आहे, त्याला किंमत आहे, आणि ती किंमत आठ वर्षांच्या मुलाला कळते. पहिल्यांदा कंदील पेटतो आणि थोरल्याला आपल्या कुत्र्याचं नाव आठवेनासं होतं, तेव्हा थिएटर चिडीचूप होतं. दुसऱ्यांदा धाकटी शाळेचा रस्ता विसरते. तिसऱ्यांदा तो पुलापाशी पेटतो आणि मधला भाऊ आईने शिकवलेलं गाणं विसरतो. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर कंदील गुहेत चौथ्यांदा पेटला आणि शेवटच्या लढाईत पाचव्यांदा. का पेटला याबद्दल एक वाक्य नाही. किंमत कोणीच मोजली नाही. शेवटी तिघांच्याही आठवणी आपोआप परत आल्या. चौथ्या वेळी पुढच्या रांगेतून एक पोट्टा मोठ्यानं म्हणाला, ‘तीनदा झालं नं!’ तो बोटांवर मोजत होता, आणि त्याचं बरोबर होतं.

हे कसं झालं असेल याचा अंदाज करता येतो. मध्यंतराला काहीतरी जोरदार हवं म्हणून तिसरा वापर पुलावर खर्च केला. मग उत्तरार्धासाठी हातात काही उरलं नाही, आणि नियम मोडला. पुलाचा प्रसंग कंदिलाविना सुटला असता. मुलांकडे आजीचं नऊवारी होतं, दोर होता, आणि थोरला झाडावर चढण्यात पटाईत असल्याचं आपणच पहिल्या दृश्यात दाखवलं होतं. तो धागा पुढे कुठेच वापरलेला नाही. तिसरी ज्योत शेवटासाठी राखली असती तर गुहेतला अंधारही खरा वाटला असता, कारण कंदील पेटवायचा की नाही हाच प्रश्न त्या पोरांपुढे राहिला असता. आणि चौथ्यांदा पेटवणं भागच होतं, तर त्याची किंमत चढवायची. आजीनं स्वतः तो पेटवावा आणि नातवंडं दारात आल्यावर तिनं विचारावं, ‘कोणाची रे पोरं तुम्ही?’ मुलांना हे झेपतं. आई-बापांना एखाद वेळेस झेपणार नाही.

अद्भुत गोष्टीत काहीही होऊ शकतं हा समज चुकीचा आहे. आपल्याकडच्या गोष्टींनी असं कधी केलेलं नाही. विक्रम-वेताळाची गोष्ट घ्या. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. एवढ्या दोन नियमांवर पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या आणि त्याच साच्यातल्या गोष्टी ‘चांदोबा’च्या वाचकांनी वर्षानुवर्षं वाचल्या. सत्यजित राय यांच्या १९६९ च्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये भुतांचा राजा त्या दोघांना वर देतो. पण जेवण मागायचं किंवा दूरच्या मुलखात जायचं तर दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यावी लागते. एकटा काही करू शकत नाही. त्या एका टाळीमुळे मैत्री ही गोष्टीची गरज होते, कोणाला भाषण द्यावं लागत नाही. आपल्या सिनेमात मात्र मैत्रीवर शेवटची आठ मिनिटं भाषणच आहे.

आता प्राण्याकडे येऊ.

पोस्टरवर जो पंखवाला, आग ओकणारा सरडा आहे, तो मुलांनी विलायती सिनेमात आणि मोबाइलच्या गेममध्ये शेकडो वेळा पाहिलेला आहे. आपली गोष्ट गोंड राजांच्या जुन्या किल्ल्यात घडते असं आपणच म्हणता. नागपूरहून दीडशे किलोमीटरवर चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह दगडात कोरलेलं आहे. हत्तीला नमवणारा सिंह, गजशार्दूल. अंगाने मोठा, पुरातन, या मातीतला, आणि पडद्यावर मुलांना सर्वस्वी नवा. तो दरवाजातून उठून खाली उतरला असता तर इथल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी आई-बाबांना ‘चंद्रपूरला चला’ म्हणून भंडावलं असतं.

बरं, सरडा तर सरडा. पण तो नीट तरी उभा राहायला हवा होता. एकच शॉट घेतो. धाकटी पहिल्यांदा त्याच्या मानेवर हात ठेवते तो. सिनेमाचा सगळा जीव त्या स्पर्शात आहे, आणि तिथेच काम उघडं पडतं. मुलीची बोटं मानेच्या आत जातात. लव दबत नाही, बाजूला होत नाही. हाताची सावली मानेवर पडत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून आहे आणि प्राण्यावर उजवीकडून. मान वळते तेव्हा तिची हालचाल तुटक दिसते. सेकंदाला चोवीस फ्रेम धरून, कॅमेऱ्याच्या नेहमीच्या शटरवर प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वेळ उघडी असते, त्यामुळे हलणाऱ्या हाताला थोडी पुसट कड येते. प्राण्याला तशी कड दिलेलीच नाही. प्रेक्षकाला यातलं काही सांगता येणार नाही. त्याला फक्त ‘खोटं वाटलं’ एवढंच म्हणता येतं.

यावरचे उपाय महाग नाहीत, ते शूटिंगच्या दिवशी करायचे असतात. मानेच्या आकाराचा फोमचा ठोकळा हिरव्या कापडात गुंडाळून मुलीसमोर धरायचा, म्हणजे हात खरोखर दाबला जातो आणि बोटं कुठे थांबली ते कॅमेऱ्यात येतं. पुढे त्याच हाताचा साधा थ्रीडी साचा करून प्राण्याच्या लवेला त्यावर आपटवायचं, म्हणजे लव दबते. प्रत्येक सेटअपनंतर त्याच जागी एक चकचकीत आणि एक करडा गोळा धरून फोटो घ्यायचे. उजेड कुठून आणि किती कडक येत होता हे त्यात नोंदलं जातं, प्राण्यावर तोच लावता येतो. आणि प्राण्याचे डोळे जिथे असणार त्या उंचीवर काठीला चेंडू लावून धरायचा. आपल्या सिनेमात तिन्ही मुलं एकाच प्राण्याकडे बघताना तीन वेगवेगळ्या ठिकाणी बघतात. म्हणजे सेटवर काठीच नव्हती किंवा ती कोणी धरून ठेवली नाही.

वेळ कमी होता हे उत्तर आम्हाला माहीत आहे. वेळ कमी असेल तर शॉट कमी करा. प्राणी पूर्ण दिसणारे मोजके पक्के शॉट आणि बाकी ठिकाणी त्याची सावली, शेपटीने हललेलं गवत, मुलांचे चेहरे, श्वासाचा आवाज. मानेचा भाग खरा बांधून, आतून माणसांनी हलवून घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ केला तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आणि नागाशी झुंजली. मोजके कच्चे शॉट झाकायला आपण अर्धा सिनेमा रात्रीत नेऊन ठेवला, आणि त्याचे परिणाम थ्रीडीत किती वाईट झाले ते पुढे लिहिलं आहे.

जंगलाबद्दल आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण ते आमचं आहे. सिनेमात पाटी येते, ‘विदर्भातलं जंगल, मे महिना’. पुढच्याच शॉटमध्ये सुचिपर्णी झाडं, ओलं शेवाळ आणि नेचे. मे महिन्यात पेंच, उमरेड, नागझिरा कुठेही जा. साग बोडका असतो. जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर असतो आणि पाऊल टाकलं की तो करकरतो, म्हणजे चोरपावलांनी कोणाच्या मागे जाणं अशक्य. साहसकथेला याहून चांगली अडचण कुठे मिळेल? पोरांना आवाज न करता किल्ल्यापर्यंत जायचं आहे आणि वाटेत सगळीकडे सागाची पानं. मग नाल्यातल्या दगडांवरून उड्या मारत जायचं, किंवा वारा सुटायची वाट बघायची. हे आपल्या लेखकाला सुचलं नाही, कारण जंगल प्रत्यक्ष न बघता लिहिलं गेलं. पाणवठ्यावर सगळे प्राणी एकत्र येतात, मोहाच्या दिवसांत अस्वल त्या झाडाखाली येतं, वाघ निघाला की आधी वानर खाकरतं आणि मग चितळ ओरडतं. ज्याला हे आवाज वाचता येतात त्याला वाघ न दिसताही वाघ कुठे आहे ते कळतं. तीन पोरांपैकी एकाला एवढं येत असतं तर कंदिलाची गरजही कमी पडली असती.

त्याऐवजी आपल्या जंगलात कूकाबुरा ओरडतो. माणसाच्या हसण्यासारखा आवाज काढणारा तो पक्षी ऑस्ट्रेलियातला आहे. जुन्या विलायती जंगलपटांपासून त्याचा आवाज साउंड लायब्ररीत पडून आहे आणि ‘जंगल’ म्हटलं की कोणीतरी तो उचलतो. इथली मुलं शाळेच्या सहलीला पेंचला जाऊन आलेली असतात. त्यांना तो खटकतो. पावशाचा ‘पेरते व्हा’, रात्री रातव्याची टकटक, टिटवीची ओरड, हे दोन पहाटांत आणि एका रात्रीत रेकॉर्ड होतं. एक रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ आवरण घातलेला माईक, आणि रस्त्यापासून लांब बसायची तयारी. एवढंच लागतं.

भाषेचंही तसंच. तिन्ही पोरं नागपूरची असून पुण्याच्या वळणाचं बोलतात. वऱ्हाडी बोलतो तो एकटा स्वयंपाकी, आणि तो भित्रा, खादाड आणि बावळट आहे. त्याची वऱ्हाडीही चुकीची आहे. ‘मी काल जेवून राहिलो’ असं तो म्हणतो. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे आत्ता, या घडीला जेवतो आहे. झालेल्या गोष्टीला हे रूप लागत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘काऊन बे’ चिकटवलं की वऱ्हाडी होते हा समज आता तरी सोडावा. आणि ज्या गोंडांच्या किल्ल्यात गोष्ट घडते, ती गोंड माणसं आपल्या सिनेमात फक्त आगीभोवती आरोळ्या देत नाचतात. बख्त बुलंदशहा या गोंड राजानं हे नागपूर वसवलं. गोंडांच्या गोष्टी सांगणाऱ्या परधानांची बाना हे तंतुवाद्य वाजवत गोष्ट सांगण्याची जुनी परंपरा आहे. आपल्या सिनेमाला गोष्ट सांगणारा हवाच होता. त्यासाठी आपण पाताळातून आलेला, विनोदी आवाजाचा उंदीर घेतलात.

इथपर्यंत निर्मात्यांशी. आता थ्रीडी, आणि यात वितरक आणि थिएटरवालेही आले.

हा सिनेमा थ्रीडीत शूट झालेला नाही, नंतर वळवलेला आहे. वळवणं हे मुळात वाईट नाही. प्रत्येक शॉटमधल्या प्रत्येक वस्तूची कड कापायची, तिला खोली द्यायची, दुसऱ्या डोळ्यासाठी ती सरकवायची आणि सरकल्यामुळे मागे उघडी पडलेली जागा रंगवून भरायची. काम वेळखाऊ आहे. घाईत केलं की माणसं पुठ्ठ्याच्या कापलेल्या चित्रांसारखी दिसतात, आणि केसांच्या कडेला मागचं झाड चिकटून येतं. धाकटीच्या मोकळ्या केसांच्या प्रत्येक शॉटला हे झालं आहे. भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा, १९८४ चा मल्याळम ‘माय डियर कुट्टीचातन’, मुलांचाच होता आणि थ्रीडीतच शूट केलेला होता. पुढे तो हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून आला तेव्हा मुलं हात पुढे करून पडद्यातल्या वस्तू धरायला बघायची.

मुलांच्या डोळ्यांचा एक साधा हिशोब आहे आणि तो आपल्याकडे कोणी केलेला दिसत नाही. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर. सहा-सात वर्षांच्या मुलाचं सव्वापाचच्या आसपास. बारा मीटर रुंद पडद्यावर २०४८ पिक्सेलचं चित्र टाकलं की एक पिक्सेल सुमारे सहा मिलिमीटरचा होतो. दूरच्या डोंगराची दोन डोळ्यांसाठीची दोन चित्रं अकरा पिक्सेल, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर, दूर ठेवली तर मोठ्या माणसाचे डोळे समांतर राहतात. लहान मुलाचे डोळे मात्र त्यासाठी बाहेरच्या बाजूला वळावे लागतात, आणि ती त्यांची नैसर्गिक हालचाल नाही. मुलं चष्मा काढून बसतात, डोकं दुखतं म्हणतात, आणि आपण समजतो की त्यांना सिनेमा आवडला नाही. मुलांच्या सिनेमात दूरच्या वस्तूंचं अंतर आठ पिक्सेलच्या आत ठेवावं, आणि तेही सर्वांत मोठ्या पडद्याचा हिशोब धरून.

मग अंधार. साध्या टूडी सिनेमाला पडद्याच्या मधोमध १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा असतो. थ्रीडीत फिल्टर आणि चष्मा मिळून एवढा उजेड खातात की साडेचारच्या आसपास मिळाला तरी चांगलं म्हणतात. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा लॅम्प जुना झालेला असेल तर तेवढाही मिळत नाही. त्यामुळे थ्रीडीसाठी सिनेमाचं कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग आणि उजेड जुळवण्याचं काम, वेगळं, त्या कमी उजेडाला धरून करावं लागतं. आपण टूडीचंच ग्रेडिंग चढवलं आहे. गुहेतल्या चाळीस मिनिटांत काळ्यावर काळं आहे. कोण कोणाला ओढतंय ते दिसत नाही. कंदिलाची ज्योत तेवढी दिसते.

थिएटरवाल्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. थ्रीडीचा शो संपून त्याच पडद्यावर टूडी शो लागला, तरी प्रोजेक्टरच्या लेन्ससमोरचा थ्रीडीचा फिल्टर, म्हणजे पोलरायझर, काढलेला नसतो. त्यात निम्म्याहून अधिक उजेड जातो, आणि प्रेक्षकाला वाटतं सिनेमाच काळपट आहे. बाजूला सरकवायला मिनिटभर लागतं. दुसरं, थ्रीडीसाठी लावलेल्या चंदेरी पडद्यावर मधोमध लख्ख आणि कडेला काळोख असतो. कडेच्या खुर्च्यांवर मुलांना बसवू नका, निदान बुकिंगवर तसं लिहा. मधल्या रांगेतून पांढरा टेस्ट पॅटर्न लावून, मीटरसमोर चष्मा धरून महिन्यातून एकदा मोजमाप घ्या आणि लिहून ठेवा. चष्मे धुऊन, पुसून द्या. तेलकट बोटांचा ठसा असलेला चष्मा घातला की दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. त्या चष्म्याचे आपण वेगळे पैसे घेता.

आवाजाबद्दल थोडक्यात. सिनेमाचं मिक्सिंग थिएटरच्या साउंड प्रोसेसरवरचा आवाजाचा आकडा सातवर धरून होतं. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात म्हणून तक्रारी येतात, मग हॉलमध्ये तो चार किंवा पाचवर ठेवला जातो आणि सिनेमालाही तसाच राहतो. सातवरून चारवर आणलं की दहा डेसिबल जातात, म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा. पार्श्वसंगीत तरी ऐकू येतं, पण मधल्या स्पीकरमधून येणारा आजीचा हळू आवाज, तो कंदिलाचा नियम, मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. ट्रेलरला कमी आणि सिनेमाला पूर्ण, असे दोन आकडे प्लेलिस्टमध्ये लावून ठेवता येतात. आपला सिनेमाही निर्दोष नाही. मुलांचे डब केलेले संवाद खोलीत बोलल्यासारखे कोरडे आहेत, गुहेतही. गुहेचा प्रतिध्वनी संगीताला आहे, माणसांना नाही.

एक गोष्ट गंभीर आहे. शेवटच्या लढाईत पांढरा उजेड सलग, अतिशय वेगानं लखलखतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा संपूर्ण पडदा असा लखलखू नये, हा दृश्यमाध्यमातला सर्वमान्य दंडक आहे. अशा उजेडाने काही जणांना फीट येते, आणि हा त्रास मुलांत आणि किशोरांत जास्त आढळतो. सिनेमाआधी, तिकिटावर, पोस्टरवर कुठेही सूचना नाही.

प्रमाणपत्राचंही तसंच. आता यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन वेगवेगळे गट आहेत, आई-बापांना ठरवता यावं म्हणून. आपल्या सिनेमाला १३+ मिळालं आहे. जाहिरातीत पाच वर्षांचं पोर हसतंय, आणि प्रमाणपत्र कोपऱ्यात, वाचता न येण्याइतकं बारीक.

आणि शोच्या वेळा. पहिल्या आठवड्यानंतर हा सिनेमा नागपुरात सकाळी साडेनऊला आणि रात्री दहाला उरला. मुलांच्या सिनेमाला या दोन्ही वेळा बिनकामाच्या. मुंबई-पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्या हिशोबानं आपण सिनेमा उतरवायला घेतला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बारा ते पाच मुलं घरात कोंडलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच थंडगार हॉलमध्ये मुलांचा सिनेमा नसतो.

आमच्या मागण्या अशा.

निर्मात्यांनी हा सिनेमा ओटीटीवर आणि टीव्हीवर देण्याआधी दुरुस्त करावा. हे शक्य आहे, शूटिंग परत करायची गरज नाही. चौथा आणि पाचवा कंदील काढा. गुहेचा प्रसंग बाहेरच्या उजेडावर काढता येतो, तसे शॉट्स सिनेमात आहेत. शेवटी आठवणी परत येतात तो दीड मिनिटाचा तुकडा कापा. मैत्रीचं भाषण आणि मधली दोन गाणी गेली तर पावणेतीन तासांचा सिनेमा अडीच तासांच्या आत बसतो. मानेवर हात ठेवण्याचा तो एक शॉट परत करा, बाकी सोडून द्या. कूकाबुरा पुसा. गुहेतल्या आवाजांना गुहा द्या. लखलखाट सेकंदाला तीनच्या आत आणा. स्वयंपाक्याचे संवाद एखाद्या वऱ्हाडी बोलणाऱ्या कलाकाराकडून लिहून घेऊन पुन्हा डब करा. एवढ्या कामाला नवा सिनेमा काढण्याच्या खर्चाचा अगदी लहान तुकडा लागेल. थिएटरमध्ये सिनेमा अजून चालू असेल तर डीसीपीची, म्हणजे थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीची, फक्त बदललेली रीळं पाठवता येतात, सगळं पॅकेज पुन्हा करावं लागत नाही.

वितरकांनी प्रत्येक शहरात थ्रीडीइतकेच टूडी शो द्यावेत, आणि विदर्भाचं वेळापत्रक विदर्भाच्या शाळांप्रमाणे आखावं. प्रमाणपत्राचा गट आणि लखलखाटाची सूचना पोस्टरवर सिनेमाच्या नावाखाली, ठळक छापावी.

थिएटरच्या व्यवस्थापकांनी टूडी शोआधी पोलरायझर काढला की नाही याची नोंद प्रोजेक्शन रूमच्या वहीत ठेवावी. पडद्याचा उजेड आणि आवाजाचा आकडा शोआधी तपासावा. उजेड ठरल्यापेक्षा कमी पडत असेल तर थ्रीडीचे जास्तीचे पैसे घेऊ नयेत.

हे काम करताना कोणाला माणसं हवी असतील तर आमच्यातले प्रोजेक्शन आणि साउंडचे लोक एक दिवस विनामोबदला येतील, मीटर आणि टेस्ट फाइल आमच्याकडे आहेत. जंगलातले आवाज हवे असतील तर तेही देऊ.

नागपुरातल्या शाळा उघडायला अजून अवकाश आहे. दुपारी बाराचा एक टूडी शो तेवढ्यात लावा.

आपले,
नागपुरातील काही प्रेक्षक, शिक्षक, नाट्यकर्मी आणि पडद्यामागे काम करणारे